आधी वाट, मग भिंत

परवा तू फोनवर म्हणालीस, "आबा, मी आता लंडन खेळते." फोन स्पीकरवर होता. तुझी आजी सुपात तूर पाखडत बसली होती. ती हात थांबवून म्हणाली, "हे पोट्टी लंडनले कवा गेली?" मग तिला सांगावं लागलं, की लंडन ही बुद्धिबळातली एक मांडणी आहे. वजिराचं प्यादं दोन घरं, मग काळ्या घरांचा उंट बाहेर, मग बाकीची फौज. १९२२ साली लंडनच्या स्पर्धेत मोठ्या खेळाडूंनी ती खेळली, म्हणून हे नाव पडलं. आजी म्हणाली, "मंग वाशिमले स्पर्धा असली तं वाशिम म्हनाव त्याले." तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

तर रविवारी वाशिमला जिल्हा निवड आहे. तू रिसोडहून बाबांबरोबर जाशील. मला या गुडघ्यांनी मंगरूळपीरहून यायचं होणार नाही, आणि आलो असतो तरी हॉलमध्ये आजोबांना कोण बसू देतं! फोनवर काही सांगितलं की तू "हो आबा, हो आबा" करतेस आणि तिकडं मोबाईलवर दुसराच डाव चालू असतो, हे मला तुझ्या आवाजावरून कळतं. म्हणून कागदावर उतरवतो आहे. शनिवारी रात्री वाच आणि घरीच ठेव. डाव चालू असताना खेळाडूजवळ लिहिलेलं काही सापडलं, तर पंच डाव काढून घेऊ शकतो.

यातलं बरंचसं माझं नाही, काकाजींचं आहे. म्हणजे तुझ्या बाबांचे चुलत आजोबा. चार इयत्ता शिकलेले, कोरडवाहू शेती, आणि डवरणी आटोपून पावसानं उघडीप दिली की पारावर कापडी पट. ते देशी पद्धतीनं खेळत. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. राजाला शह बसला नसेल तर त्याला डावात एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची. आणि प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की त्याचा आपोआप वजीर होत नसे. घोड्याच्या घरात पोचलं तर घोडा, हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती. मी शाळेतून "आंतरराष्ट्रीय" नियम शिकून आलो, तेव्हा दोन घरं उडणारं प्यादं पाहून ते म्हणाले, "येवढी घाई कायची हाय त्याले?"

त्यांना डी४ हा शब्द ठाऊक नव्हता. पण वजिरापुढचं प्यादं काढून खेळायची त्यांची एक रीत होती आणि ती त्यांनी एका वाक्यात मला दिली: "पह्यले वाट पाह्य, मंग भित घाल." घर बांधणारा माणूस दाराची जागा सोडून भिंत उचलतो. तसं प्याद्यांची भिंत घालायच्या आधी आपले मोहरे कुठून बाहेर पडणार, हे बघायचं. त्यानंतर मी इंग्रजी-मराठी पुष्कळ पुस्तकं वाचली. वजिराच्या प्याद्याच्या सुरुवातीबद्दल याहून कामाचं वाक्य मला मिळालं नाही.

आता हे पटावर बघ. तू डी४ खेळलीस, समोरच्यानं डी५. आता हातासरशी ई३ खेळलीस, तर भिंत पक्की झाली खरी, पण सी१वरचा उंट आत कोंडला गेला. त्याच्या पुढची तिरपी वाट आपल्याच प्याद्यानं बुजवली. मग वीस चालींपर्यंत तो उंट आपल्याच कोठीत धान्याच्या पोत्यासारखा पडून राहतो. लंडनमध्ये आधी उंट एफ४वर काढतात आणि मग ई३ घालतात. म्हणून तर ही मांडणी चांगली. पण शिबिरात शिकलेली पोरं समोरचा काय खेळतो ते न बघता आठ चाली एका दमात खेळतात. पाठ केलेलं म्हणून दाखवल्यासारखं. तुझंही तसं होतंय असं मला वाटतं, आणि ते मला आवडत नाही.

लंडन खेळायचंच असेल तर दोन खाचा लक्षात ठेव. समोरचा सी५ करून वजीर बी६वर आणतो आणि तुझ्या बी२च्या प्याद्यावर डोळा ठेवतो. का? तुझा उंट घर सोडून बाहेर गेलाय, आता बी२ राखायला कुणी नाही. तिथं घाबरायचं नाही. वजीर बी३वर आणून अदलाबदलीला समोर उभा करता येतो. फक्त तो वजीर आला, हे त्याच चालीला दिसलं पाहिजे. दुसरी खाच अशी, की त्याचा घोडा एच५वर उडी मारून तुझ्या उंटाला हुसकावतो. एच३ आधीच खेळलेली असेल तर उंटाला एच२वर बसायला जागा मिळते. म्हणजे पुन्हा वाटेचीच गोष्ट. उंट बाहेर काढला तेव्हा त्याची परतीची वाटही बघायची.

मला विचारशील तर मी तुला सी४ शिकवीन. डी४, डी५, आणि मग सी४. वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं पुढं. याचं इंग्रजी नाव क्वीन्स गॅम्बिट. २०२० साली त्याच नावाची मालिका नेटफ्लिक्सवर आली आणि तुझ्या आईनंसुद्धा ती बघून मला फोन केला होता. आपला वजीर तिकडं राणी असतो, एवढंच. गॅम्बिट म्हणजे प्याद्याचा बळी, असं पुस्तकात लिहितात. पण हा बळी नाही, उसनवारी आहे. समोरच्यानं ते प्यादं मारलं तर ते त्याला फार दिवस ठेवता येत नाही.

ठेवायला गेला तर काय होतं, ते बघ, कारण जिल्ह्याच्या स्पर्धेत असं करणारा एक तरी भेटतोच. त्यानं सी४वरचं प्यादं मारलं. तू ई३ खेळ. इथं ई३ने उंट कोंडला जात नाही का, असं विचारशील. एक उंट कोंडला जातो खरा, पण दुसऱ्याची वाट उघडते आणि तो थेट सी४वर पाहतो. काकाजींचं वाक्य "दोन्ही वाटा एकदम उघड" असं नाही. तर, तो प्यादं राखायला बी५ खेळतो. तू ए४. तो सी६नं आधार देतो. तू बी५वर मारतेस, तो सी प्याद्यानं परत मारतो. आणि आता वजीर एफ३वर. पट नीट बघ. त्याची सगळी प्यादी सरकून गेल्यामुळं एफ३पासून ए८पर्यंतची तिरपी वाट रिकामी झालीय आणि टोकाला त्याचा हत्ती उघडा आहे. घोडा मधे घातला तर घोडा जातो, नाही घातला तर हत्ती. एका प्याद्याच्या लोभापायी अख्खा मोहरा. हे शेकडो वर्षांपासून लोकांना माहीत आहे आणि शेकडो वर्षांपासून लोक फसताहेत.

सी४ खेळायचं तर एक पथ्य आहे. वजिराकडचा घोडा सी३वर आणायच्या आधी सी प्यादं पुढं काढ. घोडा आधी बसला तर तो त्या प्याद्याच्या रस्त्यातच बैठक मारतो. मोठे खेळाडू कधीकधी मुद्दाम घोडा आधी काढतात, तेही खरं आहे. त्यांना त्याचं कारण माहीत असतं. तुला कारण सांगता येईल त्या दिवशी तूही काढ.

आता माझ्या फजितीची गोष्ट. वाशिम तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ला झाला. त्याआधी आपण सगळे अकोल्यात मोडत होतो. मी नवीन मास्तर झालेलो, आणि अकोल्याच्या एका स्पर्धेला मीटरगेजच्या गाडीनं गेलो होतो. तिसरी फेरी, पांढरी मोहरी, समोर एक मध्यमवयीन कारकून. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मी डी४, तो डी५. मी सी४, तो ई६. घोडे निघाले, माझा सी३वर, त्याचा एफ६वर. मी उंट जी५वर नेला. त्यानं दुसरा घोडा डी७वर ठेवला, जरा आळसावल्यासारखा. मी डी५वर प्यादं मारलं, त्यानं ई प्याद्यानं परत मारलं.

मग मला दिसलं. त्याचा एफ६वरचा घोडा माझ्या उंटानं जखडलेला आहे. तो हलला तर मागचा वजीर जाणार. म्हणजे डी५वरचं प्यादं फुकट! मी घोड्यानं ते उचललं आणि घड्याळाची कळ अशी दाबली की शेजारच्या पटावरच्यानं मान वर केली. कारकुनानं चहाचा घोट घेतला आणि त्याच जखडलेल्या घोड्यानं माझा घोडा मारला. मी त्याचा वजीर घेतला. हात थरथरत होता. तोवर अशा मोठ्या स्पर्धेत मी कुणाचा वजीर घेतला नव्हता.

त्यानं उंट बी४वर आणला. शह. मी पट पाहिला आणि पोटात गोळा आला. राजाला जायला घर नाही. मधे घालायला एकच मोहरा, माझा स्वतःचा वजीर. डी२वर घातला, त्यानं उंटानं मारला, पुन्हा शह. मी राजानं तो उंट मारला, आणि त्यानं शांतपणे डी८वरचा माझा उंट आपल्या राजानं उचलला. सगळी देवघेव संपल्यावर हिशेब केला, तर माझा एक अख्खा मोहरा कमी आणि हाती जास्तीचं एक प्यादं. पुढं तीस चाली मी केवळ लाजेपोटी खेळलो.

इंग्रजी पुस्तकात याला एलिफंट ट्रॅप म्हणतात. बर्लिनमध्ये १८४८ सालीच असा एक डाव खेळला गेला होता. आणि गंमत अशी, की यात आपल्या हत्तीचं काडीचंही काम नाही. काम सगळं उंटाचं आणि घोड्याचं. रशियन लोक आपल्या उंटाला हत्ती म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

गावी आल्यावर काकाजींना पारावर पूर्ण डाव मांडून दाखवला. ते बराच वेळ पटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "त्यानं तुले वजीर देल्ला नाही, दाखोला फक्त." आणि थोड्या वेळानं, "तुह्या राजाच्या पुढं पाह्य. प्यादं गेलं, घोडा गेला, उंट गेला. घरात कोनीच नाही अन् तू जत्रेत." त्या दिवसापासून कुठलंही फुकटचं प्यादं उचलण्याआधी मी एक प्रश्न विचारतो: हे उचललं तर माझ्या राजावर शह कुठून बसेल? तूही विचार. मनात नको, ओठ हलवून विचार. बाजूच्याला ऐकू जाणार नाही इतपत.

काळ्या बाजूनं तुझ्याविरुद्ध आणखी एक प्रकार होतो, त्याचंही ऐकून ठेव. डी४, डी५, सी४, आणि तो एकदम ई५! तू डी प्याद्यानं ते मारतेस, तो डी५चं प्यादं डी४वर ढकलतो. आता ते प्यादं टोचतंय म्हणून घाईनं ई३ खेळलीस तर घात झाला. तो उंटानं बी४वर शह देतो, तू उंट डी२वर मधे घालतेस, तो ई३वरचं प्यादं मारतो. तू त्याचा उंट खाल्लास, तर ते प्यादं एफ२वर शह देऊन पुढं जी१वर पोचतं आणि तिथं वजीर न होता घोडा होतं. वजीर झालं असतं तर तू आधी त्याचा वजीर घेऊन निभावून गेली असतीस. पण घोड्याचा शह बसतो आणि तुझं घर उद्ध्वस्त होतं. याला लास्करचा सापळा म्हणतात. मी काकाजींना हे मोठ्या कौतुकानं दाखवलं, की बघा, जाणूनबुजून वजीर सोडून घोडा घेतला! त्यांना काहीच नवल वाटलं नाही. "घोड्याच्या घरात घोडाच व्हईन ना," म्हणाले. देशी नियमानं तिथं दुसरं काही होतच नव्हतं. तू मात्र चौथ्या चालीला ई३ न खेळता घोडा एफ३वर काढ. झालं.

देशी खेळावरून आठवलं. समोरचा डी५ खेळेलच असं नाही. पुष्कळ पोरं घोडा एफ६, मग जी६, उंट जी७ अशी मांडणी करतात. त्यांना विचारलं तर म्हणतात, किंग्ज इंडियन. यातला "इंडियन" कुठून आला, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. देशी खेळात प्यादी एकेक घर चालत, म्हणून आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना उंट कोपऱ्यात बसवून सावकाश फौज काढायची सवय होती. १८५०च्या सुमाराला कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय जॉन कॉक्रेन या स्कॉटिश वकिलाविरुद्ध असे डाव मांडत, आणि युरोपीय लोकांनी त्या बचावाला हिंदी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे समोरची पोरं पाश्चात्त्य पुस्तकातून आपल्याच पारावरची रीत शिकून येतात. अशा वेळी डी५ आलं नाही म्हणून गोंधळायचं नाही. त्यानं मधलं शेत मोकळं सोडलंय. तू डी४, सी४, घोडा सी३, मग ई४ असं चारी धुरे धरून बस. नंतर तो ई५ किंवा सी५नं तुझी भिंत फोडायला येईल, तेव्हा कुठलं प्यादं मारायचं आणि कुठलं पुढं ढकलायचं, हा खरा प्रश्न. तो सोडवायला दोन वर्षं लागतील, एका पत्रात होणार नाही.

डी४ खेळणाऱ्यानं मनाची एक तयारी ठेवावी लागते. राजाचं प्यादं ई४ खेळलं की सोयाबीनसारखं पीक लवकर हातात येतं. दहाव्या-बाराव्या चालीत मारामारी, शह, काय तो निकाल. वजिराचं प्यादं म्हणजे तूर. सोयाबीन दिवाळीच्या आधी घरात येतं, तूर तशीच शेतात उभी राहते, संक्रांतीपर्यंत. बाजूच्या पटांवर डाव संपत जातात, पोरं बाहेर पळतात, आणि तुझा डाव अजून भरायचाच असतो. त्या वेळी उगाच काहीतरी तोडफोड करावीशी वाटते. तिथं हरतात लोक. १९२७ साली अलेखिन आणि कापाब्लांका जगज्जेतेपदासाठी ब्यूनस आयर्सला बसले, तर ३४ डावांपैकी ३२ डाव वजिराच्या प्याद्याच्या याच एका सुरुवातीनं खेळले. इतका धीर तुझ्याकडं मागत नाही. एका रविवारचा पुरे.

मधल्या डावात काय करायचं सुचेना, तर एक सोपी योजना सांगतो. सी४वरून डी५वर मारामारी झाली आणि त्यानं ई प्याद्यानं परत मारलं, की वजिराच्या बाजूला त्याची तीन प्यादी उरतात आणि तुझी दोन. आपली दोन म्हणून लोक तिकडं जायला घाबरतात. उलट तिकडंच जायचं. हत्ती बी१वर, बी प्यादं बी४, मग बी५. त्याच्या सी६वर ते प्यादं धडकलं की अदलाबदल होते आणि सी६वर त्याचं एक पोरकं प्यादं मागं राहतं. त्याला राखायला दुसरं प्यादंच नसतं, मोहरे अडकून पडतात. मग घोडा, हत्ती, वजीर सगळे त्याच्यावर लाव. तो तिकडं राजाच्या बाजूनं हल्ला करत असेल तेव्हा अधूनमधून मागं वळून बघायला विसरू नकोस, एवढंच.

नागपूरच्या दिव्या देशमुखचं पोस्टर तू भिंतीला लावलंयस. ती जगज्जेतेपदाच्या रांगेत कशी पोचली, ते नीट बघ, फक्त फोटो बघू नकोस. २०२५च्या जुलैमध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत महिला विश्वचषकाची अंतिम फेरी, समोर कोनेरू हम्पी. पहिल्या डावात दिव्या पांढऱ्या मोहऱ्यांनी होती आणि तिनं वजिराच्याच प्याद्यानं सुरुवात केली. हम्पीनं सी४चं प्यादं घेतलं. दिव्याची बाजू वरचढ झाली, पण डाव निसटून बरोबरीत सुटला. एखादीनं रात्रभर कपाळाला हात लावला असता. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली. दोन्ही मोठे डाव बरोबरीत, मग झटपट डावांवर निकाल. शेवटच्या डावात पांढरी मोहरी हम्पीकडं, सुरुवात कॅटलान, म्हणजे तीही वजिराच्या प्याद्याचीच, फक्त उंट कोपऱ्यातून. घड्याळ संपत आलं तेव्हा हम्पीच्या हातून चूक झाली आणि ७५ चालींच्या त्या डावात एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली. २८ जुलैला ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली, एकही ग्रँडमास्टर नॉर्म आधी हातात नसताना. विदर्भाचे पहिले ग्रँडमास्टर तर आपल्या शेजारचे, अमरावतीचे स्वप्निल धोपाडे. तेव्हा वाशिमच्या पोरांनी नागपूर-अमरावतीचं पोरगं समोर आलं की खांदे पाडून बसायचं काही कारण नाही.

आता घड्याळ. पहिल्या दहा चाली एका मिनिटात खेळू नकोस. सुरुवात पाठ आहे हे समोरच्याला दाखवून काय मिळतं? आणि मधेच एका चालीवर पंचवीस मिनिटंही बसू नकोस. काकाजींकडं घड्याळच नव्हतं, त्यामुळं त्यांचा एक डाव कधीकधी दोन दिवस चाले. तो सल्ला त्यांचा घेऊ नकोस. ज्या हातानं मोहरा हलवशील त्याच हातानं कळ दाब. तुला उजव्यानं खेळून डाव्यानं दाबायची खोड आहे.

हात लावला की चाल, हा नियम पारावर होता तसाच तिथंही आहे. मोहरा वाकडा असेल तर आधी "सारखं करते" म्हण, मग बोट लाव. किल्लेकोट करताना आधी राजा उचल, मग हत्ती. हत्तीला आधी हात लागला तर पंच त्या बाजूचा किल्लेकोट करू देणार नाही आणि नुसता हत्तीच हलवावा लागेल. मोठ्या वेळेच्या डावात प्रत्येक चाल लिहायची, आणि खेळून मग लिहायची, आधी लिहायची नाही. रॅपिड असेल तर लिहायची सक्ती नसते, तरी पहिल्या पंधरा चाली लिहिल्यास तर मला बघायला मिळतील. समोरच्यानं नियमाबाहेर चाल केली तर भांडू नकोस. घड्याळ थांबव, हात वर कर, पंचांना बोलाव. पहिल्या चुकीला तुला दोन मिनिटं जास्त मिळतात, दुसरीला तो डाव हरतो. मोबाईल बाबांकडं दे. बंद करून दप्तरात, असंही नको.

बरोबरी मागायची असेल तर आधी चाल कर, मग विचार, मग कळ दाब. समोरच्यानं मागितली तर लगेच हो म्हणायचं कारण नाही. तुझ्या वेळेत तू विचार करू शकतेस. बाहेर कुणी काका भेटतील, "ताई, अर्धा अर्धा गुण घेऊन टाका, दोघींचं भलं," असं म्हणतील. त्यांना नमस्कार करून पुढं जा. आणि स्वीस पद्धतीत पहिली फेरी हरली तर कुणी घरी जात नाही. पुढच्या फेरीला तुझ्यासारखीच हरलेली समोर येते. माझी अकोल्याची ती तिसरी फेरी होती ना, त्यानंतरच्या तीनपैकी दोन मी जिंकलो होतो. हे मी सहसा सांगत नाही, कारण हरलेल्या डावाची गोष्ट जास्त रंगते.

खाण्याचं सांगतो आणि संपवतो. सकाळी पोटभर पोळी-भाजी नको, झोप येते. आजीनं शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत, ते दोन फेऱ्यांच्या मधे खा. हॉलच्या बाहेरची कचोरी संध्याकाळी, बक्षीस मिळो न मिळो. पहाटे थंडी असेल, स्वेटर घाल. बोटं गारठली की मोहरे पडतात. पेनं दोन ने, त्या कारकुनासारखी.

पहिली फेरी झाली की आजीच्या फोनवर फोन कर. मी उचलणार नाही, मला धडधडतं.